छोट्या बोटीच्या टॉयलेटचा वास: शोधायचा कसा, घालवायचा कसा

आठवडाभर मूरिंगवर (पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी) बंद पडून असलेल्या बोटीत शनिवारी सकाळी शिरायचं, टॉयलेटचा पहिला पंप मारायचा आणि सडक्या अंड्यांचा भपकारा नाकात जायचा. मग टाकीला शिव्या, टाकीत निळं औषध, भिंतीला सुगंधी वडी. पुढच्या शनिवारी वास आहे तिथेच, वर गुलाबाचा थर. या वासात टाकीचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. तो आलेला असतो स्वच्छ दिसणाऱ्या समुद्राच्या पाण्यातून, तेही इनटेकच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या पाइपात साचलेल्या जेमतेम लिटरभर पाण्यातून.

हा लेख २५ ते ४० फुटी केबिनवाल्या बोटींसाठी आहे. हाताने पंप मारायचं, समुद्राचं पाणी ओढणारं टॉयलेट, १९ मिलिमीटरचा इनटेक, ३८ मिलिमीटरचा डिस्चार्ज (मैला नेणारा पाइप) आणि मैला साठवायची ५० ते ८० लिटरची होल्डिंग टाकी अशी रचना धरली आहे. मुंबई बंदरात, मांडव्याला किंवा गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या अनेक बोटींवर थोड्याफार फरकाने हेच सापडेल. इलेक्ट्रिक टॉयलेट असेल तर पंपाचा भाग वेगळा, बाकी सगळं तेच.

आधी नाक, मग पाना

वासाचा प्रकार आणि वेळ नीट टिपली तर निम्मं काम झालं. बोट निदान दोन दिवस पूर्ण बंद ठेवा, मग उघडा. नाकाला पाच मिनिटांत सवय होते, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा. वास लगेच सगळ्या केबिनभर आहे का, की टॉयलेटचं दार उघडल्यावरच येतो? पंप मारेपर्यंत काहीच नव्हतं आणि पहिल्या पाच-सहा झटक्यांत अंड्याचा वास आला, मग विरला, तर इनटेकमधलं पाणी सडलंय. पंपाला हातही लावायच्या आधी मुताचा, जुनाट, कुबट वास असेल तर मुरलेला पाइप, फरशीवरचे शिंतोडे किंवा भांड्याच्या बुडाची गळती. कोणीतरी फ्लश करतं तेव्हा डेकवर बसलेल्यांना नाक धरावं लागत असेल तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची नळी. आणि बोट हलायला लागली, लाटेवर कलली की वास उसळत असेल तर आधी बिल्ज, म्हणजे फळ्यांखाली पाणी साचतं तो बोटीचा तळ, बघा. टॉयलेटच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी वासांचं मूळ बिल्जमध्ये असतं.

बिल्जची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बरणीत बिल्जचं पाणी घ्या, झाकण लावा, डेकवर मोकळ्या हवेत जाऊन उघडा आणि हुंगा. बोटीत उभं राहून हुंगण्यात अर्थ नाही, तिथे सगळेच वास एकमेकांत मिसळलेले असतात. शॉवरचं साबणाचं पाणी, केस, सांडलेलं डिझेल, मासेमारी करून आल्यावर फळ्यांखाली उतरलेलं मासळीचं पाणी, हे सगळं उबदार अंधारात आंबतं. बरणीतून तोच वास आला तर टॉयलेट उघडायची गरज नाही. तेल-डिझेलचा तवंग आधी शोषक कापडाने उचला (तो पंपाने समुद्रात सोडायचा नाही), मग भांडी घासायचा साबण आणि २० लिटर गोडं पाणी टाकून घासा, बादलीने उपसा आणि फळ्या उघड्या ठेवून वाळू द्या.

इनटेकचा पाइप

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. शिवाय डोळ्यांना न दिसणारे जीव, शेवाळाचे तंतू, कधी गाळणीत अडकलेली चिंबोरीची पिल्लं. पाइप बंद झाला की हे जीव मरतात, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि तो संपला की सल्फेटवर जगणारे जीवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून निघतो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच अंड्याचा वास. थंड देशांत याला आठवडे लागतात. आपल्याकडचं पाणी बाराही महिने उबदार, त्यामुळे तीन-चार दिवस पुरतात.

१९ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला ०.२८ लिटर पाणी मावतं. म्हणजे तीन मीटर पाइपात ०.८५ लिटर. एवढंच पाणी बोट सोडण्याआधी गोड्या पाण्याने ढकलून काढायचं आहे. भांड्यात वरून गोडं पाणी ओतून पंप मारला तर डिस्चार्ज धुतला जातो, इनटेकला त्याचा थेंबही मिळत नाही. हीच चूक सर्रास होते.

इनटेक धुवायचा साधा मार्ग म्हणजे तो टॉयलेटमधल्या बेसिनच्या ड्रेनला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडणं. टी बेसिनच्या सीकॉकच्या (बोटीच्या तळाच्या भोकावरच्या व्हॉल्व्हच्या) वर बसवायचा. मग टॉयलेटचा स्वतंत्र इनटेक सीकॉक लागतच नाही, बोटीच्या तळाचं एक भोक कमी होतं. समुद्राचं पाणी हवं तेव्हा सीकॉक उघडा आणि बेसिनला रबरी बूच घट्ट लावा, नाहीतर पंप बेसिनमधून नुसती हवा ओढत बसेल. गोडं पाणी द्यायचं तेव्हा:

१. बेसिनचा सीकॉक बंद करा.
२. बेसिनमध्ये ४ ते ५ लिटर गोडं पाणी भरा, बूच काढा.
३. टॉयलेटची लिव्हर फ्लशवर (पाणी आत ओढायच्या बाजूला) ठेवून बेसिन रिकामं होईपर्यंत पंप मारा.
४. लिव्हर ड्रायवर (भांडं नुसतं रिकामं करायच्या बाजूला) आणा, भांडं कोरडं करा, तशीच ठेवा.

बेसिनचं बूड पाण्याच्या पातळीच्या वर हवं, बोट कलली तरीसुद्धा. नसेल तर बोट कलल्यावर बेसिनमधून समुद्र आत येईल. अशा वेळी टी न लावता इनटेक सीकॉक बंद करून पाइप सोडवायचा, त्याचं टोक गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि पंप मारायचा. कटकटीचं आहे, पण महिनाभर बोट सोडणार असाल तर वर्थ आहे.

बोटीच्या पिण्याच्या पाण्याच्या लाइनला टॉयलेटचा इनटेक थेट जोडायचा नाही. मध्ये एखादा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे म्हणून नाही, प्लंबर हो म्हणाला म्हणूनही नाही. रबराची एक चकती निकामी झाली की भांड्यातलं पाणी चहाच्या टाकीत जाऊ शकतं.

गाळणी बसवली असेल तर ती दर पंधरवड्याला उघडून धुवा. गाळणी पाण्यातला कचरा अडवते आणि तिथेच सडवते, त्यामुळे दुर्लक्षित गाळणीपेक्षा गाळणी नसलेली बरी.

मैला पाइपात राहतो कुठे

डिस्चार्जचा पाइप भांड्यापासून निघतो, पाण्याच्या पातळीच्या वर चढून व्हेंटेड लूपमधून (उलट्या U सारख्या वळणातून) वळतो आणि टाकीत उतरतो. लूपच्या पलीकडे गेलेलं आपल्या वजनाने टाकीत जातं. लूपच्या अलीकडचं मात्र परत खाली येऊन भांड्याच्या मागे उभं राहतं. तिथे काय उभं राहावं, मैला की स्वच्छ पाणी, हे पंप मारणाऱ्याच्या हातात आहे.

३८ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला १.१३ लिटर मावतं. भांड्यापासून लूपच्या माथ्यापर्यंत पाइप मोजा. समजा तो १.८ मीटर आहे, म्हणजे सुमारे २ लिटर. आता भांड्यात मापून एक लिटर पाणी ओता, लिव्हर ड्रायवर ठेवा आणि ते जायला किती पूर्ण झटके लागतात ते मोजा. समजा ६ लागले. तर मैला भांड्यातून दिसेनासा झाल्यावर आणखी १२ झटके पाण्यासकट मारायचे, त्यात दोन-तीन हातचे राखून १५. हा आकडा कागदावर लिहून पंपाशेजारी चिकटवा. पाहुणे "झालं की" म्हणत तीन झटक्यांत बाहेर येतात आणि पाइप वर्षभरात मुरतो.

मुरतो म्हणजे काय? लवचिक पाइपाच्या भिंतीतून वासाचे रेणू हळूहळू बाहेर झिरपतात. पाइप कुठूनही गळत नसतो, हात लावला तर कोरडा असतो, तरी कपाटभर वास. याची तपासणी फडक्याने होते. स्वच्छ सुती फडकं कढत पाण्यात बुडवून पिळा, पाइपाच्या एका हातभर लांबीवर गुंडाळा, निवेपर्यंत राहू द्या, मग बाहेर नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर तो तुकडा गेला. दर तुकड्याला नवं फडकं घ्या. साधारणपणे सर्वांत वाईट वास खोलगट भागात सापडतो, जिथे पाइप पोटासारखा लोंबतो आणि कायम भरलेला राहतो. मुरलेल्या पाइपाला प्लास्टिक गुंडाळणं, रंग देणं, ब्लीचने पुसणं यातलं काही टिकत नाही. बदलावाच लागतो.

बदलताना मैल्यासाठीच बनवलेला, आतून गुळगुळीत, जाड भिंतीचा पाइप घ्या. बिल्ज पंपाचा पातळ वळ्यावळ्यांचा पाइप स्वस्त पडतो, पण त्याच्या वळ्यांत मैला बसतो आणि तो काही महिन्यांत मुरतो. लांब सरळ भाग असेल तर तिथे कडक पीव्हीसी पाइप टाकणं सर्वांत उत्तम, कारण कडक पीव्हीसीतून वास झिरपत नाही. दोन्ही टोकांना लवचिक तुकडे जोडायचे, म्हणजे बोटीच्या हादऱ्याने सांधे तडकणार नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला दीड इंची पीव्हीसी आणि बोटीच्या फिटिंगचं दीड इंची माप एक नसतं. फिटिंग खिशात घालून जा आणि जोड दुकानातच बसवून बघा.

नवा पाइप फिटिंगवर चढत नाही ही सगळ्यांची तक्रार. टोक पाच मिनिटं कढत पाण्यात धरा, फिटिंगला भांड्यांचा साबण लावा आणि फिरवत ढकला. तेल लावू नका, तेलाने पाइप पुढे निसटतो. प्रत्येक टोकाला ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे दोन क्लॅम्प, एकाचा स्क्रू एका बाजूला, दुसऱ्याचा समोरच्या बाजूला. आणि दर ३०-४० सेंटिमीटरवर पाइपाला आधार, म्हणजे पोट सुटणार नाही.

व्हेंटेड लूपच्या माथ्यावर छोटा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्यात मीठ बसलं की तो अर्धवट उघडा अडकतो आणि मैल्याच्या पाइपातली हवा केबिनमध्ये सोडतो. वर्षातून दोनदा तो काढून कोमट गोड्या पाण्यात धुवा. व्हॉल्व्ह कपाटात असेल तर त्याला बारीक नळी जोडून टोक बोटीबाहेर काढलेलं चांगलं. त्रास देतो म्हणून त्यावर एम-सील लावणारे भेटतात. टॉयलेटचं भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल तर हवा अडलेल्या लूपमधून समुद्र सायफनने आत येतो आणि बोट मूरिंगवरच बुडते. इनटेकलाही असा लूप लागतो, तो पंप आणि भांडं यांच्यामध्ये; सीकॉक आणि पंपाच्या मध्ये लावला तर पंप हवाच ओढेल.

जोकर व्हॉल्व्ह आणि पांढरा थर

भांड्याच्या मागे, डिस्चार्जच्या कोपऱ्यात बदकाच्या चोचीसारखा रबराचा तुकडा असतो. तो जोकर व्हॉल्व्ह. पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही, निदान नवा असताना. रात्री भांडं पूर्ण कोरडं करा आणि सकाळी बघा. तळाला तपकिरी पाणी आलं असेल तर जोकर गळतोय. स्वच्छ खारं पाणी आलं असेल तर दोष इनटेकच्या बाजूला, पंपाच्या वरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सायफनमध्ये. हा फरक न बघता अख्खा पंप बदलणारे आहेत.

जोकर वर्षातून एकदा बदलायचाच, बिघडायची वाट बघायची नाही. काम असं: आदल्या रात्री अर्धा लिटर व्हिनेगर भांड्यात ओता आणि ते जोकरपर्यंत पोचेल इतके दोनच झटके मारून ठेवा. सकाळी गोड्या पाण्याचे ३० झटके. टाकी शक्यतो रिकामी असू द्या. सीकॉक बंद. पंपाच्या बुडाखाली जुनं टॉवेल आणि उथळ तसराळं, हातात मोजे. डिस्चार्जच्या कोपऱ्याचे स्क्रू सैल करा. लूपपर्यंतच्या पाइपातलं एक-दोन लिटर पाणी बाहेर येणार, ते तसराळ्यात घ्या. जुना जोकर काढून उजेडात धरा. चोच नव्या जोकरमध्ये घट्ट मिटलेली असते, जुन्यात तिच्यातून पलीकडचं दिसतं. नवा बसवताना चोच प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे भांड्यापासून दूर. उलटा बसवला तर पहिल्याच झटक्याला पंप जाम होतो.

चोच मिटत का नाही? कारण तिच्यावर थर चढतो. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार खाली बसतात, पांढरट, खरखरीत, पाटीवरच्या चुन्यासारखे. पाइपाच्या आत ते वर्षागणिक जाड होत जातात. ३८ मिलिमीटरचं भोक अंगठ्याएवढं उरलेलं बऱ्याच जुन्या बोटींत दिसतं, आणि थराच्या खडबडीत पृष्ठभागावर मैला चिकटून राहतो. पातळ थरासाठी आठवड्याला पाव लिटर व्हिनेगर पुरतं. किराणा दुकानातलं साधं पांढरं चालतं. थर जुना असेल तर १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड एक लिटर कोमट पाण्यात विरघळवा, पाइप भरेल इतकं करा, रात्रभर ठेवा, सकाळी भरपूर पाण्याने ढकला. दोन-तीनदा करावं लागेल. त्याहून जाड असेल तर पाइप काढून धक्क्यावर आणा, एक टोक दोन्ही हातांत धरून दगडावर आपटा. थर पापडासारखा तुटून पडतो. ॲसिडपेक्षा स्वस्त आणि फिटिंगना निर्धोक.

घरच्या संडासात वापरायचं घट्ट निळं क्लीनर बोटीत ओतू नका. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते पितळ-ब्रॉन्झच्या फिटिंगना खातं आणि टाकीतले उपयोगी जीवाणू मारतं. ब्लीच आणि फिनाइल रबर कडक करतात, फुगवतात. आणि ब्लीच कोणत्याही ॲसिडबरोबर, व्हिनेगरबरोबरसुद्धा, एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो. चार फूट बाय तीन फुटांच्या बंद खोलीत हा प्रयोग करायचा नाही. लघवीबरोबर ब्लीचही विषारी वायू देतं.

पंप जड चालतोय म्हणून गोडंतेल ओतायची प्रथा आहे. तात्पुरता उपाय आहे, दोन दिवसांत धुऊन जातो. महिन्या-दोन महिन्यांनी पंपाचं वरचं झाकण उघडून पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं की हंगाम निघतो. इंजिनचं ग्रीस नको, पेट्रोलियममुळे रबर फुगतं.

टाकीला श्वास घेऊ द्या

होल्डिंग टाकीत दोन प्रकारचे जीवाणू राहतात. ऑक्सिजन मिळाला तर मैला खाऊन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडणारे, ज्याला वास नाही. आणि ऑक्सिजन नसला की सल्फाइड सोडणारे. पहिल्यांना जगवायचं तर हवा हवी. म्हणून टाकीचा व्हेंट हा वास बाहेर काढायचा पाइप नसून हवा आत घ्यायचा पाइप आहे. एवढं डोक्यात बसलं की त्याच्या तोंडाला बूच मारायची इच्छा होत नाही.

बऱ्याच बोटींना १६ मिलिमीटरचा व्हेंट देतात, तोही तीन वळणं घेत. २५ मिलिमीटरचा, दीड मीटरच्या आत, सतत वर चढत जाणारा व्हेंट सर्वांत चांगला. दोन बाजूंना दोन व्हेंट काढता आले तर वारा आरपार जातो. व्हेंटमध्ये खोलगट भाग असेल तर बोट कलल्यावर टाकीतलं पाणी तिथे येऊन बसतं आणि हवा बंद. कार्बन फिल्टर लावणाऱ्यांनाही तेच सांगणं: कार्बन ओला झाला की तेच बूच.

व्हेंट मोकळा आहे का, हे साबणाच्या फेसाने कळतं. बोटीबाहेरच्या तोंडावर फेस लावा आणि कोणाला तरी फ्लश करायला सांगा. बुडबुडा फुगला तर ठीक. फेस जागेवरच राहिला, किंवा टाकी उपसायचं झाकण फिरवताच फुस्स आवाज आला, तर व्हेंट बंद आहे. अशी टाकी जोरदार पंपाने उपसली तर आत निर्वात होऊन ती चेपते, फुटतेसुद्धा. कारणं ठरलेली: जाळीवर मिठाचा थर, आत टाकीतला फेस वाळलेला, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर उभ्या बोटींत कुंभारमाशीने लिंपलेलं मातीचं घर. बारीक तारेने घर फोडा, मग टाकी रिकामी असताना बाहेरून पाण्याची नळी लावून अर्धा मिनिट धुवा. पुढे दर वेळी बोट धुताना व्हेंटमध्येही पाणी मारायची सवय लावा.

टाकी उघडताना एक काळजी घ्यावीच लागते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तळाशी आणि कपाटात साचतो. दहा लाखांत शंभर भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणजे भयंकर वास येत होता आणि अचानक थांबला, तर ताबडतोब बाहेर या. सगळे हॅच उघडे, पंखा चालू, शेगडी आणि सिगारेट बंद, एकटं काम नाही आणि टाकीच्या तोंडात डोकं घालायचं नाही.

औषधांपैकी फॉर्मल्डिहाइडची औषधं सगळेच जीवाणू मारतात, दोन दिवस बरं वाटतं, मग वास दुप्पट. जिवंत जीवाणूंची किंवा नायट्रेटवर आधारलेली औषधं घ्यावीत. नायट्रेट असलं की जीवाणू सल्फेटकडे वळत नाहीत. यातल्या काही औषधांचा मुख्य घटक कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे आपले द्राक्षबागायतदार ठिबकातून सोडतात तेच पाण्यात विरघळणारं खत. ५० लिटरच्या टाकीला प्रत्येक उपशानंतर ३० ग्रॅम, लिटरभर पाण्यात विरघळवून, इथून सुरुवात करा; वास परत आला तर वाढवा. पिशवी कोरडी आणि डिझेलपासून लांब ठेवा, ते ऑक्सिडायझर आहे. व्हेंट बंद असेल तर मात्र कोणतंही औषध वाया.

आपल्या धुण्याच्या सवयीचा इथे फायदा होतो. मगाने किंवा जेट स्प्रेने धुतल्याने टाकी लवकर भरते हे खरं, पण ते पाणी गोडं असतं. जितकं गोडं पाणी जास्त, तितकं सल्फेट कमी. टॉयलेट पेपर वापरणारे पाहुणे असतील तर कागद पाण्याच्या पेल्यात टाकून दहा सेकंद हलवून बघा, विरघळला तरच आत. वाइप्स, पॅड, केस, गुटख्याच्या पुड्या यांना बादली.

उपसायचं कुठे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. मैला उपसून घेणारी सोय प्रत्येक धक्क्यावर नाही. क्लबात किंवा जेट्टीवर आधी विचारा. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराचं चौथं परिशिष्ट मोठ्या जहाजांसाठी आहे, पण मोजमाप म्हणून चांगलं आहे: प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, बोट किमान ४ नॉट वेगाने चालत असताना. गेटवे ते मांडवा हा सगळा प्रवास या रेषेच्या आतला आहे. म्हणजे त्या मार्गावर टाकीचा वाय-व्हॉल्व्ह (मैला टाकीत जावा की समुद्रात, हे ठरवणारा) समुद्राकडे वळवायचा प्रश्नच येत नाही. तो टाकीकडे वळवून केबल-टायने बांधून ठेवा.

भांड्याच्या आसपास

हलत्या बोटीत उभ्याने लघवी करणारा भिंतीवर, बिजागऱ्यांत आणि भांड्याच्या बोल्टखाली शिंतोडे उडवतो. बसूनच, हा नियम मालकाला आणि तांडेलालाही लागू. भांड्याचे बोल्ट वर्षातून एकदा काढा, खालची लाकडी किंवा फायबरची जागा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन धुवा, पूर्ण वाळवा, सिलिकॉनची वळी घालून परत बसवा. पिस्टनच्या दांड्याजवळ ओल दिसत असेल तर तिथलं सील गेलंय, फ्लशच्या प्रत्येक झटक्याला दोन थेंब फरशीवर येतात.

पोर्टेबल टॉयलेट असेल तर हे सगळं वाचायची गरज नव्हती. मधल्या सरकत्या झाकणाच्या सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, उन्हात ठेवू नका आणि भरो न भरो, तिसऱ्या दिवशी रिकामं करा.

पावसाळ्याआधी आणि नंतर

बोट मेअखेर वर काढली की पावसाळाभर पाइपात जे राहील ते सडणार. म्हणून शेवटच्या फेरीनंतर टाकी उपसा, तीनदा गोड्या पाण्याने भरून रिकामी करा. इनटेकमधून २० लिटर गोडं पाणी ओढा, शेवटच्या लिटरमध्ये व्हिनेगर. बोट जमिनीवर आल्यावर सीकॉक उघडे ठेवून पाइप पूर्ण निथळू द्या, गाळणी काढून घरी न्या. भांड्यात पाणी ठेवू नका, डासांना तेवढं पुरतं. व्हेंटच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा. कुंभारमाशी अडेल, हवा अडणार नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवण्याआधी मच्छरदाणी काढा, नवा जोकर बसवा, सीकॉक चार-पाच वेळा उघडझाप करून मोकळे करा आणि मग बंद ठेवा. पाण्यात उतरल्यावर एकेक सीकॉक उघडायचा, प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू फिरवायचा. ओला झाला तर क्लॅम्प अर्धा फेरा आवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा टिश्यू फिरवा, आणि तो कोरडा निघाल्यावरच फळ्या लावा.